स्नेक प्लांट पावसाळ्यात जगवायचं कसं

"हे झाड मरत नाही," असं नर्सरीवाले मार्चमध्ये सांगतात आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याला दुसरं विकतात. त्यात लबाडी नाही. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, एसीत, कोपऱ्यातल्या अर्धवट उजेडात, महिनाभर विसरलं तरी स्नेक प्लांट खरंच तग धरतं. ते जातं पावसाळ्यात. ठाणे-नवी मुंबईकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. मग कुंडीतली माती कुठून वाळणार?

झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातलं. जाड पानांत आणि मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवून कोरडे दिवस काढायचे, ही त्याची रीत. त्यामुळे मे महिन्यात तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर त्याला पत्ताही लागत नाही, पण जुलैत रोज सकाळी प्रेमाने घातलेलं भांडंभर पाणी त्याला संपवतं. म्हणून झाड घेण्यापासून माती कालवण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट ठरवताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: जुलैत याचं काय होईल?

झाड घेताना

घ्यायची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल, नाहीतर दिवाळीच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेल्या झाडाला पावसाआधी मुळं धरायला तीन-चार महिने मिळतात. भर पावसात नर्सरीत हिरवंगार, टवटवीत दिसणारं झाड उघड्यावर भिजलेलं असतं आणि त्याच्या मुळांची अवस्था वरून कळत नाही.

नर्सरी घोडबंदर रोडवरची असो, की नवी मुंबईत हायवेलगतची, तपासायची पद्धत एकच. पान जिथे मातीत शिरतं, तिथे बुडाशी दोन बोटांनी दाबून बघायचं. कडक लागलं पाहिजे. बोट किंचित जरी आत गेलं, किंवा तिथे पिवळट, पाणचट डाग असला, तर वरची पानं कितीही देखणी असोत, ते झाड घेऊ नका. मग एक पान धरून हलकेच हलवायचं. मूळ धरलेलं झाड कुंडीसकट हलतं. नुसतं पान डुगडुगलं तर ते नुकतंच खोचलेलं आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड, तिला घरी आणायचं नाही.

चिनी मातीच्या चकचकीत कुंडीतल्या झाडाचे जास्त पैसे द्यायची गरज नाही. काळ्या पिशवीतलं झाड घ्या, आणि त्यातही पिशवी एका बाजूने फुगलेली, ताणलेली असेल ती निवडा. आत गड्डे पसरून पिशवीला ढकलताहेत, म्हणजे एकाच पैशात दोन-तीन झाडं पदरात पडणार आहेत.

जातींबद्दल थोडक्यात. पिवळ्या काठाची उंच 'लॉरेंटी' सगळ्यात सहज मिळते आणि सगळ्यात सोशिकही आहे. पहिलं झाड हेच घ्यावं. नुसतं हिरवं, आडव्या पट्ट्यांचं साधं झाड त्याहून काटक, पण लोक त्याकडे बघत नाहीत. रुपेरी पानांची 'मूनशाइन' सुंदर दिसते, मात्र उजेड कमी पडला की तिचा रुपेरीपणा उतरून ती हिरवी पडत जाते. गोल, काठीसारख्या पानांची 'सिलिंड्रिका' वेणी घालून विकतात. घरी आणल्यावर वेणीची तार सोडून टाका, नाहीतर ती पानात रुतते. बुटकी, गुलाबाच्या फुलासारखी पसरणारी 'हानी' टेबलावर शोभते, पण तिच्या पानांच्या मधोमध खोलगट वाटी असते आणि त्यात पाणी साठून कूज धरते. पावसाची झड येणाऱ्या ग्रिलमध्ये 'हानी' ठेवू नये. आणि पानांच्या टोकांना निळा, गुलाबी रंग फवारलेली झाडं मिळतात, ती तिथेच राहू द्यावीत.

लेबलवर कधी सॅन्सेव्हिएरिया लिहिलेलं असतं, कधी ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी याला ड्रॅसिनाच्या गटात टाकलं, त्यामुळे दोन्ही नावं फिरतात. झाड तेच.

माती: इथे कंजुषी नको

नर्सरीतल्या पिशवीत बहुतेक वेळा नुसती लाल माती असते. नर्सरीवाल्यासाठी ती सोयीची, कारण ती पिशवीत घट्ट बसते आणि वाहतुकीत झाड हलत नाही. आपल्या कुंडीत मात्र ती पहिल्या दोन-तीन पाण्यांनंतर दगडासारखी आवळते, आणि पावसाळ्यात आतून महिनाभर ओली राहते. त्यामुळे झाड आणल्यावर आठ-दहा दिवस घरच्या हवेला सरावू द्यायचं आणि मग माती बदलायची. भर पावसात आणलं असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबायचं आणि पाणी जवळजवळ बंद ठेवायचं.

आपल्या हवेला चालणारं मिश्रण मापाने असं:

- दोन भाग लाल माती, ढेकळं फोडून चाळलेली
- दोन भाग जाड रेती किंवा विटांचे तूरडाळीएवढे तुकडे
- एक भाग भाताचं तूस. नसेल तर कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), पण अर्धाच भाग
- एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड

कोकोपीटचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलं आहे. पुष्कळ ठिकाणी अर्धं कोकोपीट घालायला सांगतात. कोरड्या हवेच्या गावांत ते चालत असेल; आपल्याकडे कोकोपीट जूनमध्ये ओलं झालं की गणपतीपर्यंत ओलंच राहतं. तूस पाणी धरत नाही, माती मोकळी ठेवतं. कल्याण-मुरबाडकडे कोणी ओळखीचं असेल तर भाताच्या गिरणीवरून पोतंभर सहज मिळेल.

रेतीबद्दल दोन गोष्टी. खाडीतून काढलेली वाळू वापरायची नाही, तिच्यात मीठ असतं आणि मिठाने पानांची टोकं जळतात. बांधकामाची क्रश सँड चालते, पण ती पिठाच्या चाळणीने चाळून खालची बारीक पूड टाकून द्या आणि वर राहिलेली जाडसर रेती घ्या. पूड राहिली तर ती मातीची भोकं बुजवते आणि सगळी मेहनत वाया जाते. विटांचे तुकडे मिळवणं तर सोपं. सोसायटीत कोणत्या ना कोणत्या फ्लॅटचं काम चालूच असतं. फक्त लाल विटेचे तुकडे उचला, सिमेंट-प्लॅस्टर लागलेले नकोत.

मिश्रण जमलं की नाही, हे बघायची सोपी युक्ती: ओलसर मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर रेती कमी आहे. वळून लगेच भुगा झाला तर बरोबर.

कुंडी

मातीची, न रंगवलेली कुंडी घ्या. तिच्या भिंतीतून ओल बाहेर पडते, आणि पावसाळ्यात हाच एक मार्ग उरतो. शिवाय ती जड असते, त्यामुळे तीन-चार फूट उंचीचं झाड वाऱ्याने कलंडत नाही. ऑइलपेंट मारलेल्या मातीच्या कुंडीचा हा फायदा संपतो. गेरू लावलेली चालते.

आकार लहान हवा. गड्ड्यांच्या भोवती दोन बोटं जागा उरेल एवढीच कुंडी. सहा इंचांतून काढलेलं झाड आठ इंचांत जाईल, बारा इंचांत नाही. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती जास्त असते, ती पाणी धरून बसते आणि त्या पाण्याला पिणारं कोणी नसतं. खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, कारण या झाडाची मुळं वरच्या थरातच पसरतात.

तळाला खडीचा थर द्यायची जुनी सवय सोडून द्या. पाणी बारीक मातीतून खाली खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर, म्हणजे नेमकं मुळांजवळ अडकून राहतं. भोकावर फुटक्या कुंडीची एक खापरी पालथी ठेवली की पुरे. भोक मात्र नीट बघून घ्या. बाजारातल्या कुंड्यांना कधी एकच भोक असतं, तेही अर्धवट बुजलेलं. स्क्रू ड्रायव्हरने मोकळं करा.

पिशवीतून कुंडीत

आदल्या आठवड्यात पाणी द्यायचं नाही. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते, ओली असली तर मुळं तोडून घेऊन येते. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा.

पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. आत दिसतो तो प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा चकित करतो: अंगठ्याएवढे जाड, केशरी-पिवळट गड्डे पिशवीच्या कडेने वळसे घेत गेलेले, आणि त्यांच्या टोकांना आल्याच्या कोंबासारखी पांढरी, टोकदार सुरुवात. ती उद्याची पिल्लं. मुळं तारेसारखी, फिकट नारिंगी आणि ताठ असली पाहिजेत. काळी, ओढल्यावर सालपट हातात येऊन आत दोरा उरणारी मुळं मेलेली आहेत, ती कात्रीने काढून टाका. नाकाजवळ नेऊन वासही घ्या. निरोगी गड्ड्याला नुसता मातीचा वास येतो; आंबूस वास आला तर कुठेतरी सड आहे आणि ती सापडेपर्यंत शोधायची.

आता बोटांनी जुनी माती झाडा. सगळी निघायला हवी असं नाही, पण मधला घट्ट गोळा फोडलाच पाहिजे. तो तसाच राहिला तर नव्या मातीतलं पाणी त्याच्या भोवतीने निघून जातं किंवा तो एकटाच ओला राहतो.

एका गड्ड्यावर दोन-तीन पानांचा पुंजका आणि स्वतःची मुळं असतील तर तो वेगळा करता येतो. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि गड्डा एका घावात कापा. कापलेल्या जागी हळद किंवा राख लावून सावलीत दोन-तीन दिवस उघडं ठेवा. कापल्या कापल्या लावू नका, ओल्या जखमेतून बुरशी आत शिरते.

लावताना पानाचं बूड मातीच्या पातळीला, गड्डा जेमतेम झाकलेला. झाड ताठ उभं राहावं म्हणून खोल पुरायचा मोह होतो. तसं करू नका, पानाचं बूड ओल्या मातीत गेलं की तिथूनच सडतं. डुगडुगत असेल तर बांबूच्या काडीचा आधार द्या, महिन्याभरात ते स्वतः धरून राहील. पहिलं पाणी पाच-सहा दिवसांनी.

ठेवायचं कुठे

कमी उजेडात जगतं, म्हणून हे झाड टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवतात. जगतं, हे खरं. पण तिथे ते वाढत नाही, पाणी ओढत नाही, आणि पाणी न ओढणाऱ्या झाडाची माती वाळत नाही. म्हणजे अंधाराचा त्रास शेवटी पाण्याच्या वाटेनेच होतो.

उत्तम जागा म्हणजे पूर्वेच्या खिडकीचं ग्रिल किंवा पूर्वेची बाल्कनी, जिथे सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन येतं. उत्तरेची खिडकीही चालते. पश्चिमेचं ऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. मार्चनंतर दुपारच्या उन्हाने पानांवर भुरकट, कागदासारखे चट्टे पडतात आणि ते पुन्हा कधी भरून येत नाहीत. अशा बाल्कनीत झाड भिंतीच्या बाजूला सरकवा किंवा हिरवी नेट लावा. घरातल्या कोपऱ्यासाठीच हवं असेल तर दोन कुंड्या करा आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल: एक कोपऱ्यात, एक खिडकीत. अंधारातून काढलेलं झाड थेट उन्हात मात्र ठेवायचं नाही.

घोडबंदर रोडसारख्या मोठ्या रस्त्याकडेच्या घरांत पानांवर धुळीचा थर बसतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने, पानाला खालून हाताचा आधार देऊन पुसा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावू नका. पुन्हा धूळ चिकटते आणि रंध्रं बुजतात.

हवा शुद्ध करतं म्हणून बेडरूममध्ये ठेवावं का, असं हमखास विचारतात. ठेवा, छान दिसतं. नासाच्या ज्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, तो १९८९ चा, आणि तो बंद, छोट्या पेट्यांमध्ये केला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साध्या वायुविजनाने हवा जितकी साफ होते तितकी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा हिशेब निघाला. रात्री ऑक्सिजन देतं, हेही अर्धवट ऐकलेलं. हे झाड पाणी वाचवण्यासाठी रंध्रं रात्री उघडतं, हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. खिडकी उघडा, ते जास्त उपयोगाचं.

पाणी

वार ठरवून पाणी घालू नका. जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडी मातीत तळापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर, माती चिकटलेली असेल तर पाणी नाही. पूर्ण कोरडी निघाली तर आणखी दोन दिवस थांबून पाणी. वरची माती वाळलेली दिसणं हा पुरावा नव्हे, खाली ओल असते. छोट्या कुंडीला काडीही लागत नाही. उचलून बघायची, कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते.

अंदाजासाठी सांगायचं तर मार्च ते मे बाल्कनीतल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, घरातल्याला पंधरा दिवसांनी. ऑक्टोबरच्या उन्हातही तसंच. थंडीत तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात घरातल्या झाडाला महिन्यातून एकदा थोडंसं, आणि काडी ओली निघत असेल तर तेही नाही. चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीत माती लवकर वाळते, तिथे काडीचंच ऐकायचं.

घालायचं तेव्हा मात्र भरपूर घाला, तळातून वाहेपर्यंत, आणि पानांच्या मधोमध न ओतता मातीवर. रोज दोन चमचे हा सगळ्यात वाईट प्रकार: वरचा थर कायम ओला, खालची मुळं तहानलेली. कुंडीखालच्या ताटलीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. मुळांसाठी तर ते वाईटच, पण डेंग्यूचा डासही अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात ताटल्या सरळ काढून ठेवा.

ग्रिलमधल्या कुंडीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं आणि मग "अहो वहिनी, जरा बघा ना" सुरू होतं. पाणी घालायचं त्या दिवशी कुंड्या बाथरूममध्ये न्या, निथळू द्या, परत ठेवा. महिन्यातून दोन-तीनदाच करायचं असतं, त्यामुळे हे जमतं.

नळाचं पाणी चांगलं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल, तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरते. ती दिसली की वरची इंचभर माती काढून नवी घाला.

खताचं फारसं कौतुक नको. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा पातळ केलेलं व्हर्मिवॉश (गांडूळखतातून निथळलेलं पाणी) पुरे. पावसाळ्यात खत अजिबात नाही. चहाचा चोथा, केळ्याची सालं, तांदळाचं धुवण यातलं काहीही या कुंडीत टाकू नका. दमट हवेत ते कुजतं आणि चिलटं जमा होतात.

मे अखेरची कामं

वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत:

१. कुंड्यांची भोकं काडीने मोकळी करा. वर्षभरात मुळं आणि माती जाऊन ती बुजलेली असतात.

२. शेवटचं भरपूर पाणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर काडी पूर्ण कोरडी निघाल्याशिवाय नाही.

३. गच्चीवरची, ग्रिलच्या बाहेरच्या कडेची झाडं आत घ्या. पाऊस फक्त वरून पडत नाही, पश्चिमेकडून तिरपा मारतो आणि छज्जा असूनही बाल्कनीतली पहिली दोन फूट जागा भिजते. झाड त्या जागेच्या मागे हवं.

४. कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या उतरवा. हे झाडासाठी नव्हे, खालून जाणाऱ्याच्या डोक्यासाठी.

५. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि जमिनीवर दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. घरात घेतलेल्या झाडांना दिवसातून थोडा वेळ पंख्याची हवा मिळाली तर फारच चांगलं.

जून ते सप्टेंबर माती बदलणं, गड्डे कापणं, पानं लावणं यातलं काही करायचं नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाचं बूड दाबून बघायचं, बास.

सड लागली तर

बाहेरचं एखादं पान बुडाशी पिवळं, मऊ होऊन कलंडलं की पाणी कमी पडलं असं समजून लोक पुन्हा पाणी घालतात. उलट करायचं. त्याच दिवशी झाड कुंडीतून काढा, भर पावसाळा असला तरी. वर सांगितलेला नियम निरोगी झाडासाठी आहे. माती धुऊन टाका. मऊ पडलेली पानं आणि तपकिरी, चिकट झालेले गड्डे कापत जा, थेट आतला भाग पांढरट-पिवळा आणि कडक लागेपर्यंत. प्रत्येक कापणीनंतर सुरी पुसा. उरलेला भाग वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस पंख्याखाली वाळवा, हळद लावा आणि नव्या, कोरड्या मिश्रणात लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका. गड्ड्यात काहीच उरलं नसेल तर वरच्या निरोगी पानांचे तुकडे करून लावता येतात, त्याबद्दल पुढे आहे.

बुडाशी पांढरे रेशमी धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती वेगळी बुरशी, ती मातीतून आजूबाजूला पसरते. ते झाड मातीसकट पिशवीत बांधून टाकून द्या, वाचवत बसू नका.

पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. उन्हाळ्यात पानांवर बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले तर ते कोळी, म्हणजे रस शोषणारे अगदी बारीक किडे, ते नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही कमी होतात. तळमजल्यावर आणि बागेत पावसाळ्यात मोठ्या शंखाच्या गोगलगाई येतात आणि कोवळी पिल्लं खातात. रात्री टॉर्च घेऊन हातमोज्याने वेचणं हाच खात्रीचा उपाय. मीठ टाकू नका, गोगलगाय मरते आणि मातीही खारट होते.

जमिनीत लावायचं असेल तर

वाशी, नेरूळ, ऐरोलीकडच्या रो-हाउसपुढे, किंवा ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडलगत हे झाड फार छान दिसतं, विशेषतः आंबा-फणसाच्या सावलीत जिथे गवतही धड येत नाही. पण सपाट जमिनीत लावू नका. विटा लावून एक फूट उंच वाफा करा, त्यात वरचंच मिश्रण भरा, फक्त रेती थोडी वाढवा. वाफ्याला एका बाजूला किंचित उतार द्या. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात ती ओळ सोडून लावा, आणि गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या डाउनटेक पाइपच्या तोंडाशी तर नाहीच. दोन झाडांत फूटभर अंतर पुरे, दोन वर्षांत मधली जागा भरते.

भरते ती थांबत नाही, हेही लक्षात घ्या. गड्डे जमिनीखालून पसरत शेजारच्या वाफ्यात डोकं काढतात आणि लाद्यांची फट मिळाली तर तिथूनही वर येतात. वाफ्याच्या कडेने नऊ-दहा इंच खोल कडप्प्याची पट्टी किंवा जुन्या लाद्या उभ्या पुरल्या की ते आत राहतात.

एकाची चार

गड्डे वेगळे करणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, तो वर आलाच. दुसरा मार्ग पानाचा. निरोगी पान बुडातून कापा, त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला उलट्या 'व्ही'सारखी खाच घाला. खाच यासाठी की तुकडे एकत्र पडले की वर-खाली कळत नाही, आणि उलटा लावलेला तुकडा मुळं धरत नाही. तीन दिवस सुकवा, मग नुसत्या जाड रेतीत इंचभर खोचा. सावलीत ठेवा, रेती जेमतेम ओलसर. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो आणि पिल्लू वर यायला आणखी दोन-तीन महिने. मार्चमध्ये लावलेले तुकडे पावसाआधी मुळं धरतात. तुकडा मुठीतल्या पेन्सिलीसारखा ताठ असेपर्यंत तो जिवंत आहे. काही वर येत नाही म्हणून रोज उपटून बघू नका.

पिवळ्या काठाच्या 'लॉरेंटी'चं पान असं लावलं तर येणारी पिल्लं साधी हिरवी निघतात, पिवळा काठ उतरत नाही. काठ हवा असेल तर गड्डाच वेगळा करावा लागतो.

जुन्या, कुंडीत दाटलेल्या झाडाला कधी फुलांचा दांडा येतो. हिरवट पांढरी, बारीक फुलं, रात्री उमलतात, वास येतो आणि दांड्यावर मधासारखे चिकट थेंब येतात. दांडा आला म्हणून झाड मरत नाही. मुंग्या लागल्या तर कापून टाका.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड उंचावर हवं. पानांत सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. प्राण्यांनी चावलं तर लाळ, उलट्या, जुलाब होतात. रांगतं मूल असलेल्या घरातही तीच काळजी.

वाफा विरळ करताना निघालेले गड्डे येऊरच्या जंगलाच्या कडेला, टेकडीवर किंवा खाडीकाठी टाकायला नेऊ नका. परदेशांत बऱ्याच उष्ण ठिकाणी हे झाड बागेतून निसटून रानात पसरलं आहे, आणि टाकलेला गड्डा पहिल्या पावसात रुजतो. शेजाऱ्यांना वाटा. कोणालाच नको असतील तर तुकडे करून गच्चीवर मेच्या उन्हात आठवडाभर कडकडीत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्यात द्या.